अनुभव वाढला, मग दर का वाढला नाही?

प्रश्न : मी ४७ वर्षांचा असून गेली १९ वर्षे एसएपीच्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांचे व्यवहार सांभाळणाऱ्या संगणकप्रणालीच्या, वित्त आणि खर्चनियंत्रण या मॉड्यूलांचा (भागांचा) कन्सल्टंट म्हणून एका मोठ्या सल्लागार कंपनीत काम करतो आहे. आजवर सहा गो-लाइव्ह, म्हणजे नवी प्रणाली प्रत्यक्ष कामात आणण्याचे टप्पे, पार पाडले, त्यांपैकी दोन ठिकाणी वित्ताची संपूर्ण जबाबदारी माझ्याकडे होती. गेल्या तीन वर्षांत मात्र माझी पगारवाढ महागाईच्याही मागे पडली आहे. अनुभवी माणसांची टंचाई आहे असे सगळीकडे वाचतो आणि आमच्याच कंपनीत माझ्या वयाची दोन माणसे चार-चार महिने बेंचवर, म्हणजे प्रकल्पाविना, बसलेली पाहतो. यांतले खरे कोणते? एक सहकारी म्हणतो की जुन्या एसएपी प्रणालीचा आधार संपण्याचे वर्ष, म्हणजे २०२७, येण्याची वाट न पाहता आत्ताच स्वतंत्र काम सुरू कर. धाकटे सहकारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रमाणपत्रे घ्यायला सांगतात. दरम्यान, ज्या ग्राहक कंपनीत मी सध्या काम करतो, तिने मला वित्तप्रणालीचा प्रमुख म्हणून कायमची नोकरी देऊ केली आहे. प्रवास नाही, पण एकूण रक्कम आजच्यापेक्षा दहा टक्के कमी. महिनाअखेर उत्तर द्यायचे आहे. काय करावे?

उत्तर : आपण पाहिलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींच्या विरोधात नाहीत. जुनी प्रणाली उलगडून तिच्यातले काय टाकायचे, काय ठेवायचे आणि काय बदलायचे हे ठामपणे सांगू शकणाऱ्या आणि त्या निर्णयाखाली सही करू शकणाऱ्या माणसांची टंचाई आहे. जुन्या प्रणालीची मांडणी (कॉन्फिगरेशन) उत्तम येणारी माणसे मात्र बाजारात भरपूर आहेत, आणि बेंचवर बसलेले आपले दोन सहकारी बहुधा या दुसऱ्या गटात मोजले जात असावेत, मग ती मोजणी न्याय्य असो वा नसो. आपल्या पत्रात मॉड्यूलांची नावे आहेत, वर्षे आहेत, गो-लाइव्हची संख्या आहे. पण त्या सहा ठिकाणी आपण कोणते निर्णय घेतले, त्यांतला कोणता अंगलट आला आणि तो कसा निस्तरला, याबद्दल एक ओळही नाही. आपल्या बायोडेटातही ती नसेल, असा माझा अंदाज आहे.

पगार का अडला हे समजण्यासाठी आपल्या मालकाचा हिशेब आधी पाहू. सल्ला व्यवसायात एक जुना ठोकताळा आहे : कन्सल्टंटच्या पगाराच्या सुमारे तिप्पट रक्कम त्याच्या बिलातून वर्षाकाठी यावी, म्हणजे एक भाग पगारात, एक भाग कार्यालय, विक्री, प्रशिक्षण आणि इतर वरकड खर्चात जातो आणि एक भाग नफा म्हणून उरतो. पगार १०० धरला तर बिल ३००. हा आकडा ज्येष्ठ माणूस कामाच्या साधारण ८० टक्के दिवसांचे बिल लावू शकेल या गृहीतावर बेतलेला असतो. आता समजा, दोन प्रकल्पांच्या मध्ये तो काही महिने बेंचवर गेला आणि हे प्रमाण ६० टक्क्यांवर आले. बिल ३०० वरून २२५ वर येते, पगार आणि वरकड खर्च मिळून २०० तसेच राहतात आणि नफा १०० वरून २५ वर घसरतो. वापर एक चतुर्थांशाने घटला, नफ्याचा तीन चतुर्थांश भाग गेला. आपल्या वरिष्ठांनी दरवर्षी आपले कौतुक करून महागाईपेक्षाही कमी वाढीवर का थांबावे, याचे उत्तर या गणितात आहे. त्यात आपल्या कामाविषयीचे मत जवळजवळ कुठेच नाही.

त्यात ज्येष्ठांची आणखी एक अडचण आहे. ग्राहकाचा खरेदी विभाग जेव्हा दर कमी करायला सांगतो, तेव्हा सल्लागार कंपनी कोणाचाच दर कमी करत नाही; ती माणसांचे मिश्रण बदलते. तीन ज्येष्ठ आणि पाच कनिष्ठांच्या जागी एक ज्येष्ठ आणि आठ कनिष्ठ दाखवले की सरासरी दर आपोआप खाली येतो. जो एक ज्येष्ठ उरतो, त्याच्यावर पूर्वी तिघांत वाटलेली जबाबदारी येते. बाकीचे दोघे बेंचवर. म्हणजे पगाराची पट्टी एकच असली, तरी तिच्यावरची माणसे दोन अगदी वेगळ्या नोकऱ्या करत असतात, आणि पगारवाढ मागताना आपण यांतल्या कोणत्या नोकरीत आहोत हे माहीत असणे फार उपयोगी पडते.

आता २०२७ विषयी. एसएपीने आपल्या जुन्या ईसीसी प्रणालीच्या नव्या आवृत्त्यांचा नियमित आधार (दुरुस्त्या आणि देखभाल) २०२७ च्या अखेरीपर्यंत देण्याचे फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर केले. त्याआधी ही मुदत २०२५ ची होती. जास्त शुल्क भरणाऱ्यांना २०३० पर्यंत विस्तारित आधार मिळतो, आणि नव्या एस/४हाना प्रणालीला २०४० पर्यंत आधार देण्याचे आश्वासन आहे. एस/४हाना बाजारात आली २०१५ मध्ये. म्हणजे ग्राहकांना भरपूर वेळ मिळाला होता, तरीही अनेकांनी हे भिजत घोंगडे तसेच ठेवले, कारण चालू असलेली लेखाप्रणाली उचकटून काढण्याचे धाडस कोणता वित्तप्रमुख आनंदाने करतो? आता ही मंडळी एकाच वेळी दाराशी आली आहेत. कामाचा ओघ त्यामुळे आहे आणि २०२७ च्या ३१ डिसेंबरला तो एकाएकी आटणार नाही. उशिरा निघालेल्यांची शेपटी २०३० पर्यंत तरी लांबेल.

मात्र आपल्या सहकाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. १९९० च्या दशकाच्या शेवटी, जुन्या प्रणाली सन २००० च्या तारखा चुकीच्या वाचतील या धास्तीने कंपन्यांनी याच प्रकारे नव्या प्रणाली घेतल्या होत्या. तेव्हाही कन्सल्टंटचे दर चढले होते आणि धास्ती संपल्यावर मागणी बसली. मुदतीवर आलेली मागणी मुदतीबरोबर ओसरते. तेव्हा जे टिकले ते बहुतेक करून गो-लाइव्हनंतरच्या कामात शिरलेले लोक होते. शिवाय ही लाट एका उत्पादनाची आहे. एसएपीची स्पर्धक असलेल्या ओरॅकलने आपल्या जुन्या ई-बिझनेस स्वीट या प्रणालीचा आधार टप्प्याटप्प्याने पुढे ढकलत नेला, त्यामुळे तिकडच्या लोकांना असा एकत्र रेटा जाणवत नाही. क्लाउडवरून, म्हणजे इंटरनेटवरून, प्रणाली पुरवणारी सेल्सफोर्स वर्षातून तीनदा आणि तशीच वर्कडे दोनदा आपली नवी आवृत्ती सगळ्या ग्राहकांना एकदमच देते. तिथे जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत जाण्याच्या, दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या महास्थलांतराऐवजी वर्षभर चालणारी चाचणी, जुळवणी आणि छोटे बदल हे काम असते. पगाराची शिखरे तिथे बुटकी आणि दऱ्या उथळ. क्लाउडवर गेलेले एसएपीचे ग्राहकही हळूहळू त्याच लयीत येतील, हे धरून चालावे.

आपल्या विषयातच काय बदलले ते आपण जाणताच, तरी त्याची बाजारातली किंमत आपण कमी लेखता असे मला वाटते. नव्या प्रणालीत वित्त आणि खर्चनियंत्रण यांच्या नोंदी एसीडीओसीए या एकाच मोठ्या तक्त्यात, ज्याला युनिव्हर्सल जर्नल म्हणतात, एकत्र आल्या; खर्चघटकांचे वेगळे अस्तित्व संपून ते खातेवहीतल्या खात्यांत विलीन झाले; ग्राहक आणि पुरवठादार यांच्या वेगवेगळ्या नोंदींच्या जागी बिझनेस पार्टनर आला. कागदावर ही तीन वाक्ये आहेत. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की, वर्षानुवर्षे मॉड्यूलांच्या फटीत लपलेला प्रत्येक फरक एका सकाळी समोर येऊन उभा राहतो आणि तो कोणाचा, हे सांगणारा माणूस बैठकीत लागतो. वित्त आणि खर्चनियंत्रण दोन्ही जाणणाऱ्याला आज जे बोलावणे येते, ते या एका बैठकीसाठी येते, असे म्हटले तरी चालेल.

माझ्या स्वतःच्या कामातली एक आठवण सांगते. एका स्थलांतरापूर्वी आम्ही ग्राहकाच्या झेड प्रोग्रॅमांची, म्हणजे त्यांनी स्वतःसाठी लिहवून घेतलेल्या आणि नावाच्या आरंभी झेड असलेल्या प्रोग्रॅमांची, यादी घेऊन बसलो होतो. यादी चौदाशेंच्या घरात होती. वापराच्या नोंदी पाहून जे चाललेलेच नाहीत त्यांवर काट मारायची, असे ठरले होते, आणि दुपारपर्यंत आम्ही निम्म्याहून अधिक यादी उडवून खूश होतो. आमच्यातल्या एका ज्येष्ठ कन्सल्टंटने एका ओळीवर बोट ठेवून विचारले, “या नोंदी किती महिन्यांच्या आहेत?” सहा महिन्यांच्या होत्या. तो उठला, लेखाविभागातल्या एका जुन्या कारकुनाला फोन लावला आणि पाच मिनिटांनी परत येऊन ती ओळ पुन्हा यादीत घातली. तो प्रोग्रॅम वर्षातून एकदाच, आर्थिक वर्षाच्या शेवटच्या रात्री चालत असे आणि बोनसची तरतूद शाखाशाखांत वाटून देत असे. तो नसता तर त्या कंपनीचा पहिलाच वर्षअखेरचा ताळेबंद अडला असता. या माणसाचा दर आमच्या दुप्पट होता, याचे मला तोवर थोडे वैषम्य वाटत असे. त्या दुपारनंतर वाटले नाही.

याच गोष्टीचे महागडे रूप पाहायचे असेल तर लिडल या किराणा साखळीचे उदाहरण जगजाहीर आहे. २०११ च्या सुमारास सुरू केलेला एसएपीवरचा प्रकल्प त्यांनी २०१८ मध्ये सोडून दिला. खर्चाचा प्रसिद्ध झालेला आकडा सुमारे ५० कोटी युरोंचा होता. कारणे अनेक असतील, पण सर्वांत जास्त चर्चा झालेले कारण आपल्याच विषयातले आहे : कंपनी मालसाठ्याचे मूल्य खरेदीच्या किमतीवर मोजत असे, प्रणालीची रूढ पद्धत विक्रीच्या किमतीची होती, आणि कंपनीने आपली पद्धत बदलण्याऐवजी प्रणाली वाकवायचे ठरवले. अशा निर्णयाच्या वेळी, पहिल्या दोन महिन्यांत, खुर्ची मागे ढकलून “हे करू नका” असे वित्तप्रमुखाला सांगणे आणि त्याचे कारण त्याच्या भाषेत पटवणे, हे ज्येष्ठ कन्सल्टंटचे काम आहे, आणि त्याचा दर दिवसांवर मोजता येत नाही. बहुतेक सल्लागार कंपन्यांना असे म्हणणारा माणूस अडचणीचाही वाटतो, कारण वाकवण्याच्या कामाची बिले मोठी असतात. हे मी जरा कडवटपणे लिहिते आहे, पण आपण १९ वर्षे या धंद्यात आहात, आपल्याला नवे नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी धाकट्यांची घाई समजण्यासारखी आहे, कारण पहिला घाव त्यांच्यावर आहे. अबॅप या एसएपीच्या प्रोग्रॅमिंग भाषेतला कोड समजावून सांगणे, चाचणीची टिपणे तयार करणे, मांडणीचे दस्तऐवज लिहिणे, प्रशिक्षणाचे साहित्य बनवणे ही कामे या साधनांनी झपाट्याने होतात. एसएपीने स्वतःचा ज्यूल हा सहायक २०२३ मध्येच जाहीर केला. ही कामे कनिष्ठांची होती आणि त्यांच्या बिलांवर सल्लागार कंपन्यांचा मनोरा उभा होता. ज्येष्ठांवर होणारा परिणाम आडवाटेने येतो. ग्राहक विचारू लागले आहेत की साधनांमुळे काम लवकर होते, तर आम्ही तेवढेच दिवस का मोजावेत; त्यामुळे दिवसांच्या दराऐवजी ठरावीक रकमेचे किंवा निष्पत्तीशी बांधलेले करार मागितले जातात. अशा करारात अंदाज चुकल्याचा भुर्दंड सल्लागार कंपनीला पडतो, म्हणून अंदाज अचूक बांधणारा ज्येष्ठ माणूस तिला एकाएकी मोलाचा वाटू लागतो. आपण प्रस्ताव लिहिण्याच्या, कामाची व्याप्ती ठरवण्याच्या टप्प्यात सहभागी होत नसाल, तर या वर्षापासून व्हा. आपला दर वाढण्याची सर्वांत जवळची वाट मला तीच दिसते.

प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात. एस/४हाना वित्ताचे चालू प्रमाणपत्र नसेल तर घ्यावे, कारण भरती करणाऱ्यांची चाळणी त्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रमाणपत्रावर पैसे घालण्याऐवजी एखादे साधन आपल्याच मागच्या प्रकल्पासारख्या कामावर, अर्थातच ग्राहकाची माहिती न वापरता, महिनाभर चालवून पाहावे आणि ते कुठे आत्मविश्वासाने चुकते याची नोंद ठेवावी. मुलाखतीत ती नोंद प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलते.

स्वतंत्र कामाचा दर ऐकून डोळे दिपतात, म्हणून तो दिवसांत मांडून पाहा. वर्षाच्या ३६५ दिवसांतून शनिवार-रविवारचे १०४ गेले की २६१ उरतात. दहा सार्वजनिक सुट्ट्या, वीस दिवसांची रजा आणि पाच दिवस आजारपण धरले तर २२६. एक करार संपून दुसरा सुरू होईपर्यंत वर्षाला कामाचे ४५ दिवस रिकामे जातात असे मानले, आणि हे मानणे निराशावादी नाही, तर बिलाचे दिवस उरतात १८१. आजच्या वार्षिक पगाराला २६१ ने भागून जो रोजचा आकडा येतो, त्याच्या जवळजवळ दीडपट दर मिळाला तर आपण आज आहात तिथेच राहता. विमा, निवृत्तीची तरतूद, हिशेबनिसाचे शुल्क, बिल देऊन दोन महिन्यांनी हाती येणारे पैसे आणि मध्यस्थ एजन्सीचा वाटा हे सगळे त्यानंतर. दुपटीच्या आसपास दर मिळत असेल, सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा काढलेला असेल आणि आपल्याला नावाने ओळखून काम देतील असे किमान तीन वित्तप्रमुख असतील, तर स्वतंत्र होण्यात अर्थ आहे. तिसरी अट सर्वांत अवघड आहे, कारण मोठ्या कंपनीत काम करताना ग्राहक कंपनीला ओळखतो, आपल्याला नव्हे.

म्हणून समोर आलेल्या प्रस्तावाकडे मी आपल्यापेक्षा अधिक गांभीर्याने पाहीन. तिथे आपल्याला नावाने ओळखून काम दिले जाते आहे, निर्णयाचा अधिकार पदातच आहे आणि गो-लाइव्हनंतर प्रणाली कशी जगते हे आत राहून पाहायला मिळते, जे सल्लागार म्हणून १९ वर्षांत फारसे मिळाले नसावे, कारण आपण गो-लाइव्हनंतर काही आठवड्यांत पुढच्या गावी गेलेला असता. दहा टक्क्यांची घटही नीट तपासून पाहा. आजच्या रकमेतला बदलता भाग किती आणि गेल्या तीन वर्षांत त्यातला प्रत्यक्ष हाती किती आला? तो नेहमीच अपुरा मिळत असेल, तर ही घट दहाची पाच झालेली दिसेल. तरीही तीन गोष्टी मागून घ्याव्यात, आणि त्या लेखी असाव्यात. पहिली, मांडणीच्या निर्णयांत अंतिम शब्द कोणाचा, आपला की माहिती-तंत्रज्ञान विभागाचा. हे अस्पष्ट असेल तर पद नुसते पाटीपुरते राहील. दुसरी, स्थलांतरानंतरच्या दोन वर्षांत आपल्या विभागात किती माणसे आणि किती खर्चाची तरतूद असेल. काम संपल्यावर विभाग गुंडाळून प्रमुखाला निरोप देण्याचे प्रकार घडतात. तिसरी, गो-लाइव्ह आणि त्यानंतरची पहिली वर्षअखेर सुरळीत पार पडल्यास मिळणारी ठरावीक रक्कम. पगार वाढवून मागण्यापेक्षा ही मागणी मान्य होणे सोपे असते, कारण ती प्रकल्पाच्या खर्चातून देता येते आणि कंपनीची पगारश्रेणी हलवावी लागत नाही. पहिल्या दोन्हींची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर तिसऱ्यासाठी अडून न बसता होकार द्यावा, असे माझे मत आहे. ती उत्तरे टोलवली गेली, तर राहावे तिथेच, आणि पुढच्या मूल्यमापनाला आपण घेतलेल्या निर्णयांची यादी घेऊन जावे.

मात्र होकार कळवण्यापूर्वी एक काम करावे. सल्लागार कंपनी आणि ग्राहक यांच्या करारात बहुधा एकमेकांची माणसे ठरावीक काळ न घेण्याचे किंवा घेतल्यास भरपाई देण्याचे कलम असते, आणि आपल्या नेमणूकपत्रातही तसे बंधन असू शकते. नेमणूकपत्र स्वतः वाचा, शंका असेल तर कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवा, आणि दोन कंपन्यांमधल्या कराराविषयी ग्राहकाच्या विधी विभागाकडून लेखी उत्तर घ्या. ते हाती येईपर्यंत राजीनाम्याचा विषय आपल्या वरिष्ठांकडे काढू नये. महिनाअखेरची तारीख त्यासाठी आठवडाभर पुढे ढकलून मागितली तर कोणी नाही म्हणणार नाही.